अनेक देशांची एक सांख्यिकी : पहिल्या आकड्याआधीची तयारी

देशांच्या गटासाठी सामाईक सांख्यिकी कार्यक्रम उभा करायचा ठरला की पहिल्याच बैठकीत निर्देशकांची यादी समोर येते: महागाई, बेरोजगारी, व्यापार, सरकारी तूट. ती यादी तूर्त बाजूला ठेवा. आकडा कोण ठरवणार, तो तपासायचा अधिकार कोणाला आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी लिहून काढा. हा कागद नसेल तर सगळा कारभार एकमेकांच्या भिडेवर चालतो, आणि एखाद्या सरकारला आकडा अडचणीचा होताच घोडं अडतं.

युरोपीय संघाला याची मोठी किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर 2009 मध्ये ग्रीसने चालू वर्षाच्या सरकारी तुटीचा अंदाज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3.7 टक्क्यांवरून थेट 12.5 टक्क्यांवर नेला. पुढच्या तपासणीत तूट 15 टक्क्यांच्याही वर निघाली. आकडे देश स्वतः कळवत होते आणि मूळ हिशेबांपर्यंत जाऊन पडताळणी करायला युरोस्टॅटकडे, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे, पुरेसे अधिकार नव्हते. 2010 मध्ये नियम बदलून ते वाढवावे लागले. म्हणून तपासणीचा अधिकार पहिल्या मसुद्यातच घाला, आणि तो मोघम ठेवू नका. सांख्यिकी कार्यालयाचे तक्ते पाहता येतील एवढं पुरत नाही. अर्थखातं, सामाजिक विमा निधी, सरकारी रुग्णालयं आणि सरकारी मालकीच्या कंपन्या यांची खातीही पाहता आली पाहिजेत, कारण न दाखवलेली देणी बहुधा तिथेच सापडतात.

कायद्याचा पाया शून्यातून रचायची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 1994 मध्ये स्वीकारलेली अधिकृत सांख्यिकीची 10 मूलभूत तत्त्वं आहेत. 2014 मध्ये त्यांना महासभेचीही मान्यता मिळाली. युरोपची आचारसंहिता 2005 ची, तिच्या सध्याच्या रूपात 16 तत्त्वं आहेत. तत्त्वांना सगळेच मान डोलावतात. तुम्ही प्रत्येक देशाच्या कायद्यात तीन गोष्टी शोधा: सांख्यिकी प्रमुखाची नेमणूक कोण करतं, मुदतीआधी त्याला कोणत्या कारणांनी काढता येतं, आणि आकडा प्रसिद्ध होण्याआधी मंत्र्याला किती आधी दिसतो. तिसऱ्याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

प्रत्येक देशात समन्वयाची जबाबदारी एकाच कार्यालयाकडे असावी. व्यापाराचे आकडे सीमाशुल्क खात्याकडून येतात, पतपुरवठ्याचे मध्यवर्ती बँकेकडून, शेतीचे कृषी खात्याकडून. प्रत्येकाशी थेट पत्रव्यवहार सुरू केलात तर एकाच देशाचे दोन वेगळे आकडे तुमच्या हाती येतील, आणि कोणता खरा हे सांगायला तिथे कोणी नसेल.

आता व्याख्या. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निम्मं वेळापत्रक यात गेलं तरी ते सत्कारणी लागतं. ‘बेरोजगार’ हा एकच शब्द घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या निकषाने बेरोजगार तो, ज्याने संदर्भ आठवड्यात, म्हणजे ज्या आठवड्याबद्दल विचारलं जातं त्यात, एक तासही मोबदल्याचं काम केलं नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधण्यासाठी काही ठोस केलं आणि काम मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो. याउलट रोजगार कार्यालयातली नोंदणी त्या देशाच्या भत्त्याच्या नियमांवर चालते. भत्त्याची मुदत कमी केली की नोंदणी घटते, बेरोजगारी होती तेवढीच राहते. एका देशाची नोंदणी आणि दुसऱ्याचं सर्वेक्षण शेजारी मांडलं तर तो तक्ता वाचकाची दिशाभूल करतो. व्याख्या एक झाली तरी प्रश्नावली तपासा. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरं बदलतात. युरोपने 2021 पासून सर्वेक्षणाची चौकट बदलली आणि केवळ घरच्या वापरासाठी पिकवणाऱ्यांना रोजगारातून वगळलं, दीर्घ पालकत्व रजेचे नियमही बदलले. अनेक देशांच्या मालिका तिथे तुटल्या, म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडता येईनात. असा बदल ठरला असेल तर जुन्या आणि नव्या पद्धतीने निदान काही तिमाह्या समांतर मोजणी करायचा खर्च आधीच मंजूर करून घ्या. हा पैसा नंतर कोणी देत नाही.

व्यापारात आरसा-तपासणी करा. ‘अ’ने ‘ब’ला किती निर्यात केली आणि ‘ब’ने ‘अ’कडून किती आयात नोंदवली, हे दोन आकडे समोरासमोर ठेवा. ते जुळणार नाहीत. निर्यातीत माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत धरतात, आयातीत वाहतूक आणि विमाही येतो. तेवढा फरक रास्त. त्याहून मोठी तफावत बहुधा वाटेतल्या बंदरामुळे येते. रॉटरडॅमला उतरून पुढे जाणारा माल काही ठिकाणी नेदरलँड्सच्या नावावर चढतो, म्हणून या प्रकाराला रॉटरडॅमचंच नाव पडलं आहे. सगळ्यात मोठ्या तफावतीच्या दहा देश-जोड्या निवडा आणि दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून एकेका मालाच्या संकेतांकापर्यंत खाली उतरा.

प्रदेशांच्या सीमा आणि उद्योगांचं वर्गीकरण यांना मात्र फार वाद घालत बसू नका. चालू आवृत्ती ठरवा आणि ती किती वर्षांनी बदलता येईल ते लिहा. युरोपच्या प्रदेश-वर्गीकरणात मधल्या पातळीला साधारण 8 ते 30 लाख लोकसंख्येची मर्यादा आहे आणि तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने बदल सहसा होत नाहीत.

नमुन्याचा आकार ठरवताना छोटे देश हमखास म्हणतात, आमची लोकसंख्या कमी, नमुनाही कमी हवा. गणित तसं नाही. बेरोजगारी 5 टक्क्यांच्या आसपास असेल आणि अंदाज 95 टक्के खात्रीने अर्ध्या टक्क्याच्या आत हवा असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत श्रमशक्तीतली सुमारे 7,300 माणसं लागतात. श्रमशक्ती 8 कोटींची असो वा 5 लाखांची, फरक शे-दीडशेचाच पडतो. वस्त्यांच्या गटांतून निवड केली तर आकडा आणखी वाढतो. म्हणून छोट्या देशाचा दरडोई खर्च मोठ्याच्या कितीतरी पट होतो. निधीवाटपाचं सूत्र लोकसंख्येवर बेतलं तर त्या देशाला नाइलाजाने नमुना कापावा लागेल, आणि ते दोन वर्षांनी चढउताराच्या रेषेत दिसेल.

छोट्या देशाची दुसरी अडचण गोपनीयतेची. एखाद्या उद्योगात तिथे एकच कारखाना असेल तर देशाचा आकडा म्हणजे त्या कारखान्याचाच आकडा. तो झाकलात, पण गटाची बेरीज 500 आणि बाकीच्या देशांची 458 छापलीत, तर 42 कोणीही काढेल. म्हणून आणखी एका देशाचा आकडा झाकावा लागतो. तोही एकाच कारखान्याचा नाही ना हे पाहा, नाहीतर दोन प्रतिस्पर्धी आपापला आकडा वजा करून एकमेकांचा काढतील. कोणता दुसरा आकडा झाकायचा हे प्रत्येक देशाने आपल्या परीने ठरवलं तर गळती होतेच. हे काम केंद्राकडेच ठेवा आणि त्याचा कायदेशीर अधिकार करारात लिहून घ्या.

मोजणी चोख असूनही आकडा फसवा ठरू शकतो, याचीही तयारी हवी. आयर्लंडच्या अर्थव्यवस्थेची 2015 ची वाढ जुलै 2016 मध्ये 26.3 टक्के जाहीर झाली. नियम पाळले गेले होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवल्याने उत्पादन फुगलं होतं. आयर्लंडने पुढे अशा परिणामांना वगळणारं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळं द्यायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांची पुनर्रचना देशांच्या कार्यालयांनी एकमेकांना आगाऊ कळवावी, अशी गोपनीय वाट कार्यक्रमात असू द्या.

शेवटी वेळापत्रक. प्रसिद्धीच्या तारखा आणि घड्याळाची वेळ वर्षभरासाठी आधी जाहीर करा. पहिल्या खऱ्या प्रसिद्धीच्या एक तिमाही आधी सगळ्या देशांकडून एसडीएमएक्स या सांख्यिकी देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय साच्यात आकडे मागवून पूर्ण रंगीत तालीम घ्या. एकके चुकलेली, हजार-दशलक्षांचा घोळ झालेला, रिकाम्या जागी शून्य भरलेलं, हे सगळं त्या दिवशी बाहेर पडू द्या. एखाद्या देशाचे आकडे आलेच नाहीत तर अंदाज कोण बांधणार, तो अंदाज असल्याची खूण कशी करणार आणि त्या देशाला तो छापण्याआधी किती तास दाखवणार, हे त्याच तालमीत ठरवा. सुधारित आकड्यांसाठी वर्षातले ठरावीक महिने राखून ठेवा, आणि प्रसिद्धीनंतर सापडलेली चूक दुरुस्त करताना जुना आकडा, नवा आकडा व कारण एकाच पानावर शेजारी शेजारी द्या.