घरच्या १५ अँपिअर पॉइंटवर इलेक्ट्रिक कार चार्ज करताना

रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक कारला दिवसाला साधारण ६ युनिट वीज लागते. १५ अँपिअरचा पॉइंट तासाला ३ युनिट देतो, म्हणजे दोन तासांत काम भागतं. त्यामुळे भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा जलद चार्जर बहुतेकांना लागतच नाही. तो पैसा वायरिंगवर घाला.

१. मीटरपासून पार्किंगपर्यंत फक्त गाडीसाठी वेगळी लाइन ओढा: तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर, अंतर ३० मीटरच्या पुढे असेल तर ६ची. गीझर जवळपास तेवढाच करंट खेचतो, पण थोड्या वेळात बंद होतो. गाडी कधी सलग सहा-सात तास खेचते. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

२. लाइनवर २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळून शॉक बसू नये म्हणून लाइन तोडणारा स्विच) बसवा. सॉकेट चांगल्या प्रतीचं घ्या, कारण जळतं बहुधा तेच. टर्मिनलचा स्क्रू सैल असला की तो जोड तापतो आणि तापून आणखी सैल होतो. पहिल्या चार्जिंगला अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर चार्जिंग थांबवा, स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

३. चार्जरवर लाल दिवा लागला तर आधी अर्थिंग तपासा. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ जोडून चार्जरला फसवतात. हे कुणालाही करू देऊ नका! पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. अर्थिंगचा खड्डा नीट करून घेणं हाच उपाय.

४. वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे, तो पाहा. एसी आणि गाडी एकत्र चालणार असतील तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. महिन्याला १८० युनिट वाढले की बिल वरच्या टप्प्यात जातं. गाडीसाठी वेगळं मीटर स्वस्त पडतं का, तेही हिशोब करून बघा.

५. उन्हातून आलेली गाडी तासभर निवू द्या, मग चार्जिंगला लावा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोज ८० टक्क्यांवर थांबवा, १०० फक्त लांबच्या प्रवासाआधी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे अधूनमधून पूर्ण भरा, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकायला लागतो.