मालवणचा किल्ला स्पेक्ट्रमच्या पडद्यावर: फुकटच्या छोट्या साधनांनी चित्र कसं चढवावं

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आपण काढलेला फोटो दाखवायचा असेल तर फुकट साधनांची कमी नाही, आणि घोळही तिथूनच सुरू होतो. फोटो द्या, बटण दाबा, स्पेक्ट्रमची फाइल घ्या, असं एका दमात करून देणारी रूपांतरकं आहेत. हाती बहुतेकदा येतो तो रंगांचा काला. दोष साधनाचा नसतो. जे काम आपण आधी करायला हवं होतं, ते आपण त्याच्या गळ्यात मारलेलं असतं. म्हणून माझा सल्ला असा: एकच मोठं साधन न धरता तीन-चार छोटी वापरा. चित्र आधी काळंपांढरं करा आणि रंग स्वतःच्या हातानं भरा.

सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १९८२ साली इंग्लंडमध्ये बाजारात आला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं तो विकला. कोकणातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यानं आणून ठेवलेला असा एखादा नग निघतोही. निघाला तर लगेच वीज जोडू नका. या यंत्राला नऊ व्होल्ट डीसी लागतात, आणि पिनेचं मधलं टोक ऋण असतं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत ते धन असतं. उलटा अडॅप्टर लागला तर पुढचा लेख वाचायची गरज उरणार नाही. खाऱ्या हवेनं मागच्या जोडणीच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पावसाळ्यात यंत्र डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बाकी दुरुस्ती हा वेगळा विषय आहे. इथं धरून चालू की यंत्र चालतंय आणि तुमच्या टीव्हीवर त्याचं चित्र दिसतंय. मूळ इंग्लिश यंत्र असेल तर टीव्ही यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर लावावा लागतो.

आता नियम. पडदा २५६ ठिपके रुंद आणि १९२ ठिपके उंच. ठिपके हवे तसे मांडता येतात, रंग मात्र नाही. पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असतात, आडवे ३२ आणि उभे २४. एका चौकोनात दोनच रंग, एक शाईचा आणि एक कागदाचा. रंग एकूण आठ: काळा, निळा, लाल, जांभळट गुलाबी, हिरवा, आकाशी, पिवळा आणि पांढरा. प्रत्येकाची एक उजळ छटाही मिळते, फक्त काळा उजळला तरी काळाच. आणि बहुतेकजण विसरतात ती गोष्ट म्हणजे चौकोनातले दोन्ही रंग एकतर उजळ असतात किंवा दोन्ही साधे. एक उजळ, एक साधा असं होत नाही. तपकिरी नाही, केशरी नाही. जांभा दगड आणि हापूस, दोन्ही या यंत्राच्या रंगपेटीबाहेरचे.

फोटो निवडायचा तो हे सगळं डोक्यात ठेवून. हर्णै बंदरावरचा मासळी लिलाव, रंगीत पताका लावलेल्या होड्यांची गर्दी, टोपल्या, लुगडी: डोळ्याला सुरेख, स्पेक्ट्रमला जीवघेणं. एका चौकोनात पाच-सहा रंग येतात आणि सगळं एकमेकांत सांडतं. त्यापेक्षा मालवणच्या धक्क्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग बघा. वर आकाश, मध्ये तटाची लांबलचक काळपट पट्टी, खाली पाणी. सगळं आडवं. चौकोनांच्या ओळीही आडव्याच असतात, त्यामुळे रंग बदलायची जागा आपोआप जुळते.

जुळते, पण थोडं ढकलावं लागतं. गिंप हे फुकटचं चित्र-संपादन साधन उघडा आणि फोटो चारास तीन या प्रमाणात कापा. मग आकार २५६ बाय १९२ करा. तट जिथं पाण्याला टेकतो ती रेघ वरून ११२ व्या ठिपक्यावर आणा, कारण ११२ म्हणजे बरोबर चौदा चौकोन. ती ११५ वर राहिली तर चौदा चौकोनांच्या खालच्या अख्ख्या ओळीत तटही आहे आणि पाणीही, म्हणजे काळा, निळा आणि फेसाचा पांढरा असे तीन रंग. यंत्र दोनच देणार. तीन ठिपक्यांच्या आळसापायी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दातरे पडतात. गिंपमध्ये आठ-आठ ठिपक्यांची जाळी दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवूनच कापाकापी करा. क्षितिज किंचित तिरकं असेल तर आधी सरळ करा. इथं वेळ घालवलात तर पुढचं सगळं सोपं जातं.

यानंतर काळंपांढरं. आधी लेव्हल्समध्ये जाऊन उजेड-अंधारातला फरक वाढवा, चांगला दणकून. आपल्याकडच्या दमट हवेत दूरच्या फोटोवर धुरकट पडदा असतो, तो इथं काढला नाही तर पुढं सगळा ठिपक्यांचा धुरळा होतो. आकाश पुसून कोरं पांढरं करा. ढग हवेतच असतील तर नंतर हातानं काढा. मग चित्राचा मोड 'इंडेक्स्ड' करून एक-बिटचा काळापांढरा पर्याय घ्या. तिथं ठिपके पसरायच्या पद्धती विचारल्या जातात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही पद्धत माणसांच्या चेहऱ्याला बरी, पण पाण्यावर ती वाळवी लागल्यासारखी दिसते. पाण्याला 'पोझिशन्ड' ही ठराविक नक्षीची पद्धत शोभते. दोन्ही प्रती काढा, वरचा अर्धा एकातून आणि खालचा दुसऱ्यातून घेऊन जोडा.

रंगांसाठी मी मल्टीपेंट सुचवीन. ते फुकट आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि स्पेक्ट्रम निवडला की चौकोनात तिसरा रंग येऊच देत नाही. विंडोजवाल्यांना झेडएक्स-पेंटब्रशही आहे, तेही फुकट. काळंपांढरं चित्र आत घ्या आणि चौकोन-चौकोन रंगवत जा. आकाशाला आकाशी कागद, पाण्याला निळा कागद आणि आकाशी शाई, तटाला काळी शाई. तटावर डोकावणाऱ्या माडांना हिरवं करायचा मोह होतो. करू नका. आकाशी कागदावर काळे माड ठेवलेत तर झावळी कितीही चौकोनांत पसरली तरी बिघडत नाही. हिरवा माड आणि काळा तट एका चौकोनात आले की आकाशाला जागाच उरत नाही.

केशरी हवा असेल तर लाल शाई आणि पिवळा कागद घेऊन एकाआड एक ठिपका ठेवा, बुद्धिबळाच्या पटासारखा. लॅपटॉपच्या पडद्यावर ते ठिपकेच दिसतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर मात्र रंग एकमेकांत मिसळतात आणि चक्क आंबा पिकतो. जांभ्याच्या चिऱ्याला हीच युक्ती लाल आणि काळ्याची. म्हणूनच चित्र कसं झालं याचा निवाडा लॅपटॉपवर करू नये.

चित्रावर मराठी अक्षरं हवीत? स्पेक्ट्रम तुम्हाला आठ बाय आठची एकवीस अक्षरं स्वतः घडवू देतो, ए पासून यू पर्यंतच्या कळांवर. प्रत्येक अक्षर म्हणजे आठ आकडे, एका ओळीला एक. 'न' साठी २५५, २, २, १२६, ९८, ९८, २, २. 'म' साठी २५५, ३४, ३४, ३४, १२६, ९८, २, २. यंत्राच्या बेसिक भाषेत, फॉर-नेक्स्टच्या फेरीत रीडनं एकेक आकडा वाचायचा आणि 'यूएसआर ए' अधिक फेरीचा क्रमांक या पत्त्यावर पोक करायचा, म्हणजे मेमरीत त्या जागी लिहायचा. मग ग्राफ कळ दाबून ए-बी-ए टंकलं की पडद्यावर 'नमन' उमटतं. पहिला आकडा २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, तीच शिरोरेघ. चौकोन एकमेकांना चिकटून असल्यानं ती आपोआप सलग जुळते. वेलांट्या आणि मात्रांना वरचा चौकोन खर्ची पडतो, उकारांना खालचा. जोडाक्षरांच्या नादी लागू नका, एकवीस घरं बघता बघता संपतात.

चित्र तयार झालं की ते एससीआर फाइल म्हणून काढा. ती नेमकी ६९१२ बाइटची असते: ६१४४ ठिपक्यांचे आणि ७६८ रंगांचे. आकडा वेगळा दिसला तर काहीतरी चुकलंय.

आता फ्यूज. हा स्पेक्ट्रमचा फुकट इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारं साधन. खरा स्पेक्ट्रम कॅसेटच्या टेपवरचा आवाज ऐकून माहिती चढवतो, म्हणून चित्राची आधी टेप आणि मग ध्वनी करायचा. त्यात एससीआर थेट उघडता येते, पण मग सेव्हची आज्ञा टंकताना खालच्या दोन ओळी खराब होतात. त्यापेक्षा आडवाट घ्या. इम्युलेटरमध्ये आधी 'क्लिअर २९९९९' द्या, म्हणजे बेसिक त्यापुढच्या मेमरीला हात लावत नाही. मग फाइल मेनूतल्या 'लोड बायनरी डेटा'नं तुमची फाइल ३०००० या पत्त्यावर ठेवा. तिथं ती पडद्यावर दिसत नाही, म्हणून बिघडतही नाही. मग सेव्हची आज्ञा द्या: अवतरणात नाव, दहा अक्षरांच्या आत, पुढं कोड ३००००, स्वल्पविराम, ६९१२. मीडिया मेनूतून टेप लिहून घेतली की टॅप फाइल तयार. फ्यूजच्या जोडीला येणाऱ्या साधनांत टेप-टू-वेव्ह नावाचं एक चिमुकलं साधन आहे, ते या टॅपचं ध्वनीत रूपांतर करतं. त्या वेव्ह फाइलचं एमपीथ्री करू नका. माणसाच्या कानाला जे फालतू वाटतं ते एमपीथ्री गाळतं, आणि स्पेक्ट्रमचा कान नेमका त्यावरच असतो.

खऱ्या यंत्राकडे या. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या 'इअर' भोकात वायर. आवाज पाऊण ते पूर्ण. बास बूस्ट, इक्वलायझर, 'सराउंड' वगैरे सगळे लाड बंद. स्पेक्ट्रमवर ही एक ओळीची आज्ञावली टंका: ओळ १०, बॉर्डर शून्य, लोड, रिकामी अवतरणं, स्क्रीन-डॉलर, मग पॉज शून्य. शब्द अक्षर-अक्षर टंकायचे नाहीत. जे ही कळ दाबली की अख्खा लोड उमटतो. स्क्रीन-डॉलरसाठी एक्स्टेंड मोड, मग सिंबल शिफ्ट धरून के. शेवटचा पॉज शून्य महत्त्वाचा. तो नसेल तर चित्र येताच 'ओके'चा निरोप उमटतो आणि समुद्राचा तळ पुसून टाकतो.

रन द्या, ध्वनी चालू करा. कडेला आधी लाल आणि आकाशी जाड पट्टे येतात, साधारण पाच सेकंद. ते स्थिर आणि रुंद असतील तर आवाज ठीक आहे. नंतर निळेपिवळे बारीक पट्टे, आणि चित्र उतरू लागतं. ते वरून खाली सरळ येत नाही. पडद्याचे तीन भाग असतात, प्रत्येक भागात आधी दर आठवी ओळ, मग मधल्या भरत जातात. रंग सगळ्यात शेवटी, चारेक सेकंदांत. एकूण पाऊण मिनिटाच्या आसपास. 'टेप लोडिंग एरर' आला तर आधी आवाज बदलून बघा. लाल-आकाशी पट्टेच आले नाहीत तर आवाज कमी आहे. पट्टे आले पण मध्येच तुटलं तर बहुधा जास्त आहे, किंवा लॅपटॉपनं मध्येच निरोपाची टिंग वाजवली.

गणपतीच्या आराशीत यंत्र मांडायचं असेल तर एका चित्रावर भागणार नाही. ४८के स्पेक्ट्रमच्या मेमरीत पाच चित्रं बसतात, आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत बदलता येतात. त्यासाठी बारा बाइटचं मशीन कोड, म्हणजे थेट प्रोसेसरला समजणाऱ्या आकड्यांतल्या आज्ञा, पुरतं. आधी 'क्लिअर २९९९९'. मग २३२९६ या पत्त्यापासून पुढं क्रमानं हे बारा आकडे पोक करा: ३३, ४८, ११७, १७, ०, ६४, १, ०, २७, २३७, १७६, २०१. पाचही चित्रं टेपवर एकामागून एक ठेवा आणि लोड-कोडनं ३००००, ३६९१२, ४३८२४, ५०७३६ आणि ५७६४८ या पत्त्यांवर चढवा. ६९१२ म्हणजे २५६ गुणिले बरोबर २७, त्यामुळे चित्र बदलताना बारांतला एकच आकडा बदलतो: ११७, १४४, १७१, १९८, २२५. म्हणजे फेरी अशी: एन शून्यापासून चारपर्यंत, २३२९८ वर ११७ अधिक २७ गुणिले एन पोक करायचं, मग 'रँडमाइझ यूएसआर २३२९६', मग 'पॉज २५०', म्हणजे पाच सेकंद. फेरी संपली की गो-टूनं पुन्हा पहिल्या चित्रावर. प्रिंटरच्या आज्ञा तेवढ्या देऊ नका, कारण हे बारा बाइट प्रिंटरच्याच राखीव जागेत बसलेत. आणि दिवे गेले की पाचही चित्रं पुन्हा चढवायची, म्हणून ध्वनीची फाइल आणि वायर मखरामागेच ठेवा.