कांद्याचं रोप: उळे (कांद्याचं बी) टाकण्यापासून लागणीपर्यंत या चुका टाळा

फेब्रुवारीत उन्हाळ (रब्बी) कांद्याच्या वाफ्यात डेंगळे (फुलाचे दांडे) दिसायला लागले की आपण खताला नाहीतर थंडीला दोष देतो. पण बऱ्याचदा ती चूक दोन-अडीच महिने आधी, रोपाच्या वाफ्यातच होऊन गेलेली असते. कांद्याच्या रोपाचं हेच अवघड आहे. आज केलेली चूक आज दिसत नाही आणि दिसते तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

आमच्याकडे, चांदवड तालुक्यात, एका वर्षी ऐन लागणीच्या, म्हणजे रोप उपटून शेतात लावायच्या वेळी विहिरीवरची मोटर जळाली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत लावणीची टोळी दुसऱ्या गावाला निघून गेली. रोप पंचाहत्तर दिवसांचं झालं, माना अंगठ्याला जाड लागायला लागल्या. एवढं पोसलेलं रोप टाकवेना, म्हणून लावलं. फेब्रुवारीत वाफ्यावाफ्यात डेंगळे उभे राहिले. तो कांदा चिरला की मधोमध लाकडासारखी कडक दांडी निघायची. असा कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, आतून सडत जातो. मिळेल त्या भावाला देऊन मोकळं व्हावं लागलं. जाड मानेच्या रोपाला थंडी लागली की ते कांदा पोसायचं सोडून फुलावर येतं, हे तेव्हा आम्ही पैसे मोजून शिकलो.

हंगाम एकाचा, बी दुसऱ्याचं

घरात उरलेलं बी आहे म्हणून टाकलं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एन-२-४-१ हा आपल्या भागातला हुकमी उन्हाळ कांदा, पण तो खरिपात टाकला तर माना जाड होतात आणि गड्डा भरत नाही. उलट बसवंत ७८० सारखा खरिपाचा वाण रब्बीत घेतला की जोड कांदे आणि डेंगळे वाढतात. खरिपासाठी बसवंत ७८०, फुले समर्थ, भीमा सुपर, अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड. रब्बीसाठी एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड. यातले भीमा नावाचे वाण राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे आहेत.

वेळेचं गणित साधारण असं आहे. खरिपाचं बी मे-जूनमध्ये टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लागण. रांगड्याचं (खरीप आणि रब्बीच्या मधल्या हंगामाचं) बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. उन्हाळ कांद्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि लागण डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. त्याच्या पुढे लागण गेली की कांदा पोसायच्या ऐन दिवसांत ऊन तापतं आणि गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघते.

परदेशात राहणारे काही जण गावाकडून बी नेऊन अंगणात लावतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपले वाण लहान दिवसांचे आहेत. इंग्लंड-जर्मनीच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत ते फार लवकर गड्डा धरतात आणि कांदा लिंबाएवढाच राहतो. तिथे तिथलेच वाण घ्यावेत.

बी तपासल्याशिवाय टाकणं

कांद्याचं बी फार लवकर म्हातारं होतं. साध्या हवेत ठेवलेलं बी वर्षभरानंतर भरवशाचं राहत नाही. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, पण पिशवीवर काय छापलंय त्यापेक्षा ओल्या फडक्यात काय उगवतं ते बघा. १०० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका आणि दहाव्या दिवशी मोजा. सत्तरच्या खाली उगवण आली तर ते बी परत करा. पिशवी, लेबल आणि पक्कं बिल लागण होऊन कांदा निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर याच तीन गोष्टी विचारतात.

दाट टाकणं

इथे जरा थांबून हिशोब करू. १५ बाय १० सेंटिमीटरवर लागण केली तर एकराला जास्तीत जास्त पावणेतीन लाख रोपं बसतात. एका किलोत अडीच ते तीन लाख बिया असतात. म्हणजे उगवणीतली नि मरीतली (कोवळं रोप बुडाशी कुजून आडवं होण्यातली) घट धरूनही अडीच किलो बी एकराला भरपूर झालं. तरी चार-चार किलो टाकलं जातं, तेही जागा न वाढवता. मग रोप दोऱ्यासारखं बारीक, पिवळट आणि उंच होतं, खाली हवा खेळत नाही आणि मर तिथूनच सुरू होते.

एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्याला ३० ते ४० ग्रॅम बी पुरे. फोकून टाकू नका. बोटाने किंवा काडीने ५ ते ७ सेंटिमीटरवर रेघा ओढा, त्यात बी पेरा आणि चाळलेल्या शेणखताने सेंटिमीटरभर झाका. रेघेत पेरलेलं असलं की खुरपणीला हात जातो, रोगट रोप लगेच नजरेला पडतं. खत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतातून तण येतं, मुळं खाणारी हुमणी अळीही येते.

सपाट वाफा आणि जास्तीचं पाणी

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला तेव्हा नाशिक जिल्ह्यात रोपांचं अतोनात नुकसान झालं. आमच्या शिवारात सपाट वाफ्यातली रोपं आधी बसली; गादीवाफ्यावरची सगळी नाहीत, पण बरीच वाचली. १० ते १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करायला एक दिवस जास्त जातो, तेवढा द्यावाच. खरिपासाठी तर एप्रिल-मेच्या उन्हात वाफे भिजवून त्यावर पांढरं, आरपार दिसणारं प्लास्टिक महिनाभर अंथरून ठेवा. माती तापते आणि तण-बुरशी दोन्ही कमी होतात.

उगवताना रोप कसं येतं ते एकदा खाली बसून बघा. आधी वाकवलेल्या सुईसारखा हिरवा बाक मातीतून वर येतो, मग तो सरळ होतो आणि शेंड्यावर काळ्या बियाची टोपी अडकलेली दिसते. या सात-आठ दिवसांत वरची माती सुकून कडक झाली तर तो बाक आतच मोडतो. म्हणून झारीने किंवा तुषारने थोडं थोडं, पण रोज पाणी द्या. वाफ्यात पाट सोडला की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. आणि रोप सरळ उभं राहिल्यावर हेच रोजचं पाणी कमी करायचं असतं, तिथे पुष्कळ जण चुकतात.

रोप जमिनीलगत मऊ पडून गोल गोल ठिगळांत आडवं होत असेल तर ती मर. पहिलं काम पाणी तोडणं. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम घेऊन ठिगळाच्या बाहेरपर्यंत आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर ते बी टाकण्याआधी शेणखतात मिसळून द्या. बुरशीनाशकासोबत दिलं तर ते वाया जातं. आणि रोप पिवळं दिसलं की युरिया फेकायची घाई नको. आधी मुळं उपटून बघा. मुळं तपकिरी असतील तर युरियाने रोप हिरवं होणार नाही. मुळं पांढरी असली तरी जास्त युरियाने रोप लुसलुशीत होतं आणि लागणीत मोडतं.

रोप कधी उपटायचं

नुसत्या तारखेवर जाऊ नका. खरिपात साधारण ४० ते ४५ दिवस, रब्बीत ५० ते ५५ दिवस हा अंदाज आहे. खरी खूण म्हणजे बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ आणि पेन्सिलीपेक्षा बारीक मान. त्याहून कोवळं रोप उन्हात टिकत नाही. त्याहून जून झालेल्या रोपाचं काय होतं ते वर सांगितलंच.

टोळी वेळेवर मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून सगळं बी एका दिवशी टाकू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्पे करा. आमच्या त्या वर्षी असे टप्पे असते तर निम्मा कांदा तरी वाचला असता.

उपटायच्या आधी काही दिवस पाणी तोडा, म्हणजे रोप काटक होतं; आणि आदल्या दिवशी हलकं पाणी द्या, म्हणजे मुळं तुटत नाहीत. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग कापा, मुळं बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा. जुड्या उन्हात बांधावर टाकून ठेवू नका, ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

लावताना रोप दीड-दोन सेंटिमीटरच खोल जावं. चिखलात अंगठ्याने दाबताना घाईत मूळ वर वळतं, तसं रोप आठवडाभर मान टाकून पडून राहतं. खोल गेलेला कांदा लांबट होतो. रोज संध्याकाळी लावणाऱ्या बायकांबरोबर दोन-चार रोपं उपटून बघितली की दुसऱ्या दिवशी हात आपोआप सुधारतो, कोणाला बोलावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी (लागणीनंतरचं हलकं पाणी) चुकवू नका. नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) आठ-दहा दिवसांत भरून घ्या. त्यानंतर लावलेलं रोप शेजारच्या रोपांखाली दबतं. त्यासाठी लागण संपली तरी रोपाचा एक वाफा लगेच मोडू नका.