कोकणात जुनी गाडी घेताना आधी ती खालून बघावी

घाटावरून कोकणात बदलून येणारी मंडळी, मग ती शिक्षक असोत, बँकेतली असोत की महावितरणमधली, सुरुवातीचे काही महिने एसटी आणि रिक्षावर काढतात आणि मग एखाद्या रविवारी ओळखीपाळखीतून कळलेली जुनी गाडी बघायला निघतात. मीही सातारा जिल्ह्यातून असाच रत्नागिरीत आलो आणि आता इथलाच झालो आहे. त्यामुळे आपल्या लोकांची गाडी पारखण्याची रीत मला चांगली ठाऊक आहे. गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चालली आणि आतापर्यंत मालक किती झाले, हे तीन प्रश्न विचारून आपले समाधान होते. देशावर तेवढे बहुधा पुरतेही. कोकणात मात्र या तिन्हींच्या आधीचा प्रश्न गाडीचा पत्रा खालून शाबूत आहे का, हा असतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यामुळे मिऱ्या किंवा मालवण बंदराच्या बाजूला उघड्यावर उभी राहणारी गाडी ऊन असले तरी खालच्या बाजूने पुरती कोरडी होत नाही. त्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून किनाऱ्यावर नुसती उभी राहिलेली, जेमतेम पंधरा हजार किलोमीटर चाललेली गाडी ही किनाऱ्यापासून आत, देवरुख-साखरप्याकडे रोज धावलेल्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. मुंबईकर चाकरमान्याने गावच्या घरी ठेवलेली, गणपतीत आणि शिमग्यात तेवढी बाहेर पडणारी गाडी ‘अगदी कमी चाललेली’ म्हणून विकायला निघते, तेव्हा नवख्याला ती पर्वणी वाटते. मला ती बघताना जास्त वेळ लागतो.

गाडी खालून बघायची म्हणजे रस्त्यावर वाकून मोबाइलचा उजेड मारायचा नव्हे. ती गॅरेजच्या लिफ्टवर चढवावी किंवा जिथे खड्डा आहे तिथे न्यावी आणि गॅरेज विकणाऱ्याच्या ओळखीचे नसावे. मेकॅनिकला त्याच्या वेळेचे पैसे देताना आपली मंडळी फार काचकूच करतात. दोन-तीन लाखांच्या व्यवहारात ते काही शे रुपये वाचवण्याचे कारण मला आजवर कळलेले नाही. वर चढवल्यावर पुढचा क्रॉस मेंबर म्हणजे सांगाड्याचा आडवा तुळईसारखा भाग, चाकांना सांगाड्याशी जोडणारे लोअर आर्म जिथे बसतात ती जागा, दारांखालचा फूटबोर्डाचा पत्रा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघाव्यात. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो आणि कधी कधी खवले गळून पडतात. वरवरचा तांबूस गंज इथे प्रत्येक गाडीला असतो, त्याने घाबरण्याचे कारण नाही; थर सुटून पत्रा फुगलेला दिसला की मात्र सौदा तिथेच थांबवावा. ब्रेकचे पोलादी पाइप मागपर्यंत बोट फिरवून तपासावेत. इंजिन दुरुस्त होते, क्लच बदलता येतो. पण ज्या पत्र्यावर सस्पेन्शन उभे आहे तोच गेला, तर वेल्डिंगवाला ठिगळ लावून देतो आणि पुढच्या पावसात ठिगळाच्या कडेने पुन्हा सुरुवात होते.

आणि खालच्या बाजूला गंज रोखण्याचे काळे कोटिंग नुकतेच मारलेले दिसले, तर ती गाडीची काळजी समजू नये. कोटिंग नव्या गाडीला मारतात किंवा दर दोन-तीन वर्षांनी नेमाने मारतात. विकायच्या महिन्यात मारलेले कोटिंग गंजावर पांघरूण असते. माझ्या एका सहकाऱ्याने दिवाळीत अशी चकचकीत काळ्या पोटाची गाडी घेतली आणि विकणाऱ्याने किती निगा राखली आहे, हे आम्हाला कौतुकाने दाखवले. पुढच्या श्रावणात आंबा घाट उतरताना पुढचे चाक एका बाजूला ओढू लागले, तेव्हा कळले की लोअर आर्मच्या बुडाचा पत्रा फाटला होता आणि कोटिंगने तो इतके दिवस धरून ठेवला होता. दुरुस्तीला गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला. विकणाऱ्याने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, कारण त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. म्हणून पुन्हा सांगतो, कोटिंग ताजे असेल तर मालकासमोर दोन-चार जागी ते खरवडून बघण्याची परवानगी मागावी आणि परवानगी मिळाली नाही तर नमस्कार करून निघावे. खालून बघितल्याशिवाय टोकनही देऊ नये.

इथल्या गाड्या माडाफणसाच्या झाडाखाली उभ्या असतात आणि त्याचा त्रास टपावरच्या पोच्यांपुरता नसतो. बॉनेट उघडून काचेच्या बुडाशी, वायपरखालच्या जाळीत हात घालून बघावा. तिथे पातेरा कुजून त्याचा लगदा झालेला असतो, पाणी जायची भोके बुजतात आणि पावसाचे पाणी आत, पायांखालच्या गालिच्यात उतरते. म्हणून पुढच्या दोन्ही बाजूंच्या रबरी मॅट उचलून खालचा गालिचा मुठीत दाबून बघावा. तो ओलसर लागला किंवा आंबूस वास आला, तर त्याखालच्या पत्र्याची आणि तिथून जाणाऱ्या वायरींची स्थिती वेगळी सांगायला नको. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालची वाटीही बघावी. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक भोके असतात, तीही मोकळी हवीत. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी इथे नेहमीच्याच, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्या हा दुसरा मोठा धोका आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण आणि सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही साफसूफ होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, कारण धुणाऱ्याचा हात तिथवर पोहोचत नाही आणि गाळाची रेघ पट्ट्यावर राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डाखालचे कनेक्टर आणि हेडलाइटच्या आतली बाजू बघावी; तांब्यावर हिरवट थर असेल तर पाणी तिथे पोहोचले होते. जुन्या गाडीला कोरी करकरीत सीट कव्हरे आणि आत अत्तराचा घमघमाट असेल, तर थोडे अधिक वाकून बघावे. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मालकाकडे मागावा.

इंजिनाबद्दल इथे वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला सांगावी, तेलाच्या झाकणाखाली दुधट साका आहे का बघावे आणि निळसर धूर दिसला तर परत फिरावे. मात्र चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नये. शहरातल्याच एखाद्या खड्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी, म्हणजे क्लच आणि हँडब्रेक दोन्ही स्वतःच बोलतात.

मासळीची किंवा आंब्याची वाहतूक झालेली गाडी विकताना ती घरगुती वापराची म्हणूनच सांगितली जाते. बर्फाचे खारट पाणी डिकीत गळलेले असते आणि पेट्यांच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. गाडी रिकामी असताना मागून झुकलेली दिसते का, ते लांबून बघितले तरी कळते.

इथल्या माणसांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. कोकणी माणूस सहसा फसवत नाही. परंतु विचारले त्याचेच उत्तर देतो आणि न विचारलेले सांगत नाही. आपली मंडळी उलट भिडेने अर्धे प्रश्न गिळतात, चहा-सरबत झाल्यावर खाली वाकून बघणे त्यांना अपमानाचे वाटते आणि मग वर्षभर इथल्या लोकांना नावे ठेवत बसतात. गाडी कुठे उभी राहायची, पुरात होती का, कोटिंग केव्हा मारले, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. उत्तर बहुतेक वेळा सरळच मिळते.

कागदांच्या बाबतीत कोकणातली खरी अडचण ही, की गाडी गावात भाऊ विकतो आणि आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, मुंबईतल्या भावाच्या नावावर असते. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर नोंदणीकृत मालकाचीच सही लागते. तो मालक हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढली पाहिजे आणि त्यासाठी फॉर्म ३१ असतो. सही केलेले कोरे फॉर्म खिशात ठेवून वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणारे माझ्या माहितीत अनेक आहेत. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. गाडीवर कर्ज होते का, हे आरसीवर दिसते; फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ ताब्यात घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चासी नंबर आरसीशी प्रत्यक्ष पडताळावा, कारण गंजाने तो वाचेनासा झाला असेल तर आरटीओत अडकायला होते. सिंधुदुर्गात स्वस्त म्हणून गोव्याच्या पासिंगची गाडी पुढे करतात. ती १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर ना-हरकत, नवा क्रमांक आणि महाराष्ट्राचा कर असे सगळे आपल्याला करावे लागते, तेव्हा तो खर्च किमतीत धरूनच भाव बोलावा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरण्याची तयारी ठेवावी.