‘साइट हॅक झाली’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

“साइट उघडूनच नाई राह्यली न भाऊ, हॅक झाली वाटते.” वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातली संत्रा उत्पादक कंपनी असो, यवतमाळकडचं कृषी सेवा केंद्र असो की गावातलं मंगल कार्यालय, लहान साइट सांभाळणाऱ्याला येणारे फोन बहुतेक असेच सुरू होतात. त्यात हॅकर क्वचितच असतो. आणि जिथे खरंच काळजी करावी असं घडत असतं तिथून फोन येतच नाही, कारण साइट छान चालू असते.

आधी सोपं बघू. सेतू केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपवर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं पान आलं, पण तीच साइट मोबाइलवर नीट उघडते, तर स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटनाएवढा सेल संपला की लाइन गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. साइट खरीच आहे हे ब्राउझरला पटवणारं सर्टिफिकेट कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यातच लिहिलेलं असतं, आणि त्या संगणकाच्या हिशेबाने ते अजून सुरूच झालेलं नसतं. सेल बदला, तारीख लावा, झालं. खरी चूक पुढची आहे. ऑपरेटर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायची सवय लावून घेतो आणि त्याच मशीनवर लोकांची बँकेची कामं करतो. मग धोक्याची खरी सूचना आली तरी तो न वाचता पुढेच जातो.

फक्त जुन्या मोबाइलवर अडत असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती विचारा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला ओळखता येत नाही. त्या मोबाइलना ओळखीच्या दुसऱ्या संस्थेच्या सहीच्या आधारावर २०२४ पर्यंत भागलं, आता नाही. सगळीकडेच अडत असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपली. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं व्हायला हवं, पण कुणी सर्व्हरवरचं ८० नंबरचं पोर्ट (साध्या एचटीटीपीची वाट) बंद केलं किंवा डोमेन दुसऱ्या सर्व्हरवर वळवलं की ते काम गुपचूप थांबतं. आठवणीचे ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलेत. इतर कंपन्यांच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदतही १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करणाऱ्यांनी तो नाद आताच सोडावा.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. पानावर शेतकऱ्याच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर ती कुठली, हे आधी तपासा. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं असतील तर नाव गेलं, बॅकअपशिवाय परत येत नाही. पण डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर आतला मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) वाचला जातोय. घाबरून सगळं नव्याने टाइप करायला बसू नका. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने मिळतं ते तीनच बाइटचं असतं. देवनागरी त्यात बसते म्हणून कुणाला शंका येत नाही. मग एखादा कास्तकार अभिप्रायात हात जोडलेला इमोजी टाकतो आणि त्यापुढचं वाक्य कापलं जातं किंवा फॉर्मच अडतो. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये करा, आणि साइट-डेटाबेस जोडणीचं एन्कोडिंगही तेच ठेवा. ही जोडणीची बाजूच विसरली जाते. कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी जशीच्या तशी चिकटवली असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर साइटवर नाव शोधून सापडणारच नाही.

आता खरं हॅकिंग. त्याची खूण अशी की मालकाला काहीच दिसत नाही. “आमच्याइथं तं बरोबर दिसते” हे तो खरंच सांगतो. घुसवलेला कोड बघतो की माणूस गूगलवरून आला का, मोबाइलवर आहे का, आणि तेवढ्यांनाच जुगाराच्या पानावर ढकलतो. म्हणून मोबाइलवर, लॉगिन नसताना, गूगलमध्ये शोधून त्या दुव्यावरून साइट उघडून पाहा. उगम बहुतेकदा फुकट मिळालेली ‘नल्ड’ (परवाना तोडून वाटलेली) थीम किंवा वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगिन असतं. नेहमीची चूक म्हणजे संशयित फाइल तेवढी पुसायची. ती पुन्हा उगवते, कारण एक अनोळखी ॲडमिन वापरकर्ता किंवा क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली) एक ओळ मागे राहिलेली असते. मूळ वर्डप्रेस आणि प्लगिनं अधिकृत जागेवरून नव्याने बसवा, सगळे पासवर्ड बदला, आणि अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपी कोड चालणारच नाही अशी सर्व्हरला सूचना द्या. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवला असेल तर तो नसल्यात जमा धरा.

ज्याचा फोन येत नाही ती चूक याच अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असते. उत्पादक कंपनी सभासद नोंदणीचा फॉर्म लावते: सातबारा, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो. फॉर्म बनवणारा फायलींना १०१, १०२, १०३ अशी नावं देतो आणि त्या उघड्या फोल्डरमध्ये टाकतो. आपला सातबारा पाहणाऱ्या सभासदाने पत्त्यातला एक आकडा बदलला की शेजाऱ्याचं आधार समोर. लॉगिन लागत नाही. सर्व्हरवर फोल्डरची यादी दाखवायची सोय चालू असली तर आकडा बदलायचीही गरज नाही, सगळ्या गावाची कागदपत्रं एका पानावर ओळीने मिळतात, आणि गूगलही ती वाचून घेतं.

यावर केलेला सगळ्यात वाईट उपाय म्हणजे सर्च इंजिनांसाठीच्या रोबोट्स फाइलमध्ये ‘या फोल्डरकडे येऊ नका’ असं लिहिणं. ती फाइल कुणालाही वाचता येते. किल्ली पायरीखाली आहे अशी पाटी दारावर लावण्यातला प्रकार. फायलींना लांबलचक यादृच्छिक नावं देणं बरं, पण पुरेसं नाही, कारण दुवा व्हॉट्सॲपवर फिरला की संपलं. फायली पब्लिक एचटीएमएल या जगाला उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि स्क्रिप्टमधूनच द्या. ती स्क्रिप्ट ‘लॉगिन आहे का’ एवढंच विचारून थांबू नये. ‘ही फाइल याच माणसाची आहे का’ हेही तिने विचारायला हवं. ही दुसरी तपासणी नेमकी राहून जाते. गूगलमध्ये गेलेली पानं गूगलच्याच सर्च कन्सोलमधून काढायची विनंती करता येते, पण ती तात्पुरती असते. मूळ फाइल हलवल्याशिवाय उपयोग नाही.

त्याही आधी विचारावं की आधारची प्रत हवीच कशाला. ओळखीपुरतं काम असेल तर शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार चालतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावच्या कंपनीला तेवढा होईल असं नाही, पण ‘आम्ही लहान’ ही सबब कायद्यापुढे कितपत टिकेल याची मला शंका आहे.

आता पासवर्ड आणि गुप्त ‘की’ यांचं थोडक्यात. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एसएमएस सेवेची गुप्त ‘की’ चुकून गिटवर (कोडचे सगळे बदल जपणाऱ्या साठ्यात) गेली, तर पुढच्या बदलात ती ओळ पुसून काही होत नाही, इतिहासात ती राहते. लोक आधी इतिहास साफ करत बसतात. आधी ती ‘की’ रद्द करून नवी घ्या, साफसफाई सवडीने करा.

आणि डोमेन. ते गावातल्या ज्या पोराने साइट बनवली त्याच्या ईमेलवर घेतलेलं असतं. पोरगा पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, ओटीपी जुन्या नंबरवर जातो. मुदत टळली की .कॉम डोमेन आधी सवलतीच्या काळात आणि मग ३० दिवसांच्या रिडेम्प्शनमध्ये (जादा पैसे भरून सोडवायच्या मुदतीत) जातं. तिथून सोडवायला नेहमीच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि तेही खात्यात शिरता आलं तर. कंपनीच्या नावाचा ईमेल काढा, डोमेन आणि होस्टिंगची खाती त्यावर वळवा, नंबर अध्यक्षांचा ठेवा, आणि तो पोरगा फोन उचलतोय तोवरच हे काम करून घ्या.