ॲराबिनोज वापरताना या चुका टाळा

ॲराबिनोजला हे नाव मिळालं गम अरेबिकवरून, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडांच्या डिंकावरून. प्रयोगशाळेत ई. कोलाय या जिवाणूतलं हवं ते जनुक चालू करायला पाच कार्बनची ही साखर वापरतात. प्रयोग फसला की खापर जिवाणूंवर फुटतं. मी आधी बाटलीचं लेबल वाचते.

त्यावर 'एल' आहे की 'डी'? ही एकाच साखरेची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं. निसर्गातल्या बहुतेक साखरा डी रूपातल्या असतात, पण वनस्पतींमधलं ॲराबिनोज एल रूपातलं. ई. कोलायचं ॲराबिनोज-नियंत्रक प्रथिन एल रूपालाच प्रतिसाद देतं, त्यामुळे डी कितीही ओता, जनुक चालू होत नाही. आणि 'एल' म्हणजे प्रकाश डावीकडे वळवणारी साखर, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. एल-ॲराबिनोज तो उजवीकडे वळवते, सुमारे +१०५ अंश. ताज्या द्रावणाचा आकडा याहून बराच वेगळा येतो. तो स्थिरावेपर्यंत थांबा.

सगळ्यात जास्त प्रयोग बिघडवतं ते ग्लुकोज. एकदा विद्यार्थ्यांनी दोन प्लेट अतिनील दिव्याखाली धरल्या. एकीवरच्या वसाहती हिरव्या लखलखत होत्या, दुसरीवर त्याच जिवाणूंच्या वसाहती नुसत्या दुधाळ. चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक दोन्हींत होतं, ॲराबिनोजही दोन्हींत होतं. दुसऱ्या माध्यमात मात्र कुणीतरी सवयीने ग्लुकोजही घातलं होतं. ग्लुकोज हाताशी असलं की ई. कोलाय पेशीतलं चक्रीय एएमपी (पेशीतला एक संदेशवाहक रेणू) कमी होतं आणि ॲराबिनोजने चालू होणारी जनुकं दबलेली राहतात. माध्यमाची कृती शेवटच्या घटकापर्यंत वाचा, हे मी तेव्हापासून प्रत्येक तुकडीला सांगते. (जनुक मुद्दाम बंद ठेवायचं असेल तेव्हा हेच ग्लुकोज उपयोगी पडतं.)

चमक आधी दिसली आणि मग मंदावली, तर जिवाणूच साखर खात असतील. ॲराबिनोज पचवू न शकणारा वाण घ्या. मात्रेचाही एक चकवा आहे. कमी मात्रेत सगळ्या पेशी थोड्या थोड्या उजळत नाहीत. काही पूर्ण उजळतात, काही अंधारात राहतात. नुसती सरासरी पाहून 'अर्धं काम झालं' असा निष्कर्ष काढू नका.

साठ्याचं २० टक्के द्रावण करताना २० ग्रॅम साखरेवर १०० मिलिलिटर पाणी ओतू नका. साखर विरघळवून एकूण आकारमान १०० मिलिलिटर करा. ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, कारण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) द्रावण तपकिरी पडू शकतं. प्लेट ओततानाही आगार (माध्यम घट्ट करणारा जेलीसारखा पदार्थ) ५०-५५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावरच ते मिसळा.

शुद्ध साखर नाही म्हणून डिंकाची पूड घालणं हा मार्गच नव्हे. डिंकात ॲराबिनोज गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्लाबरोबर लांब साखळ्यांत बांधलेलं असतं. सौम्य आम्लाने ते सुटतं, पण आम्ल कडक आणि आच जास्त झाली की त्याचं फर्फ्युरल नावाचं संयुग होतं, द्रावण काळवंडतं.

खाण्याच्या बाबतीतही गैरसमज आहेत. एल-ॲराबिनोज आतड्यातल्या सुक्रेज या विकराला अडवतं, म्हणून नेहमीच्या साखरेचं पचन मंदावतं. पिष्ट किंवा नुसत्या ग्लुकोजवर याचा उपयोग नाही. मधुमेहाची औषधं त्याच्या भरवशावर कुणीही बंद करू नयेत.