साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सीओडी: अडीच मिलि नमुन्यात

गळीत हंगामात सांगलीच्या वाळवा-पलूस पट्ट्यातल्या कारखान्यांच्या लॅबमध्ये सांडपाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) काढावाच लागतो. ओपन रिफ्लक्स पद्धतीत, म्हणजे कंडेन्सर लावून दोन तास उकळताना, 50 मिलि नमुन्याला 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचा क्षार), 25 मिलि डायक्रोमेट आणि सिल्व्हर सल्फेट घातलेले 75 मिलि सल्फ्युरिक आम्ल जाते. म्हणजे नमुन्यामागे 150 मिलि विषारी द्रव, आणि टायट्रेशनसाठी पातळ केल्यावर त्याच्या साधारण दुप्पट. कंडेन्सरचा नळ मिनिटाला अर्धा लिटर चालला तरी दोन तासांत 60 लिटर पाणी गटारात जाते. याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीत टँकरची वाट पाहणारी गावे असताना हे आपल्याला खटकायलाच हवे.

कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणे, हे हरित रसायनशास्त्राचे पहिले तत्त्व. इथे ते झाकणबंद ट्यूबने साधते: एकूण द्रव 7.5 मिलि, पारा विसाव्या हिश्शावर, कंडेन्सर नाहीच.

डायजेशन द्रावणासाठी 150 अंशांवर दोन तास वाळवलेले 4.903 ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट 500 मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यात 167 मिलि सल्फ्युरिक आम्ल सावकाश ओता, 33.3 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घाला आणि थंड झाल्यावर 1 लिटर करा. दुसऱ्या बाटलीत आम्लाच्या किलोमागे 5.5 ग्रॅम सिल्व्हर सल्फेट. ते विरघळायला एक-दोन दिवस घेते, म्हणून आधीच करून ठेवा.

16×100 मिमीच्या ट्यूबमध्ये 2.5 मिलि नमुना, 1.5 मिलि डायजेशन द्रावण आणि 3.5 मिलि चांदीयुक्त आम्ल, हाच क्रम. आम्ल काचेच्या बाजूने खाली ओघळू द्या. टेफ्लॉन अस्तराचे झाकण घट्ट लावून मगच ट्यूब उलटसुलट करा. ती तापते, हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड हवेच. न मिसळता तापवायच्या ब्लॉकवर ठेवली तर तळाचे आम्ल एकदम उसळून ट्यूब फुटू शकते. 150 अंश, दोन तास. प्रत्येक बॅचला एक ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी डिस्टिल्ड पाणी घातलेली ट्यूब. थंड झाल्यावर फेरोइन या रंगदर्शकाचे एक-दोन थेंब टाकून फेरस अमोनियम सल्फेटने (हा टायट्रंट) टायट्रेट करा. निळसर हिरवा रंग तांबूस तपकिरी झाला की थांबा. ब्लँक आणि नमुना यांच्या वाचनातला मिलिमधला फरक × टायट्रंटची मोलॅरिटी × 8000 ÷ 2.5, हे उत्तर मिग्रॅ प्रति लिटरमध्ये.

खरी परीक्षा अचूकतेची. 0.1 मोलर टायट्रंटचा 0.05 मिलिचा एक थेंब इथे 16 मिग्रॅ प्रति लिटरचा फरक करतो. 5 मिलिची मायक्रोब्युरेट आणि 0.05 मोलर द्रावण वापरा, ब्लँकला साधारण 3 मिलि लागेल. द्रावणाची मोलॅरिटी रोज तपासा, ती हवेने घटते. चिपाडाचा एक तंतू पिपेटमध्ये आला तरी आकडा उडतो, म्हणून नमुना आधी मिक्सरमध्ये एकजीव करा आणि रुंद तोंडाचे पिपेट घ्या. या डायजेशन द्रावणाची मर्यादा सैद्धांतिकदृष्ट्या 480 मिग्रॅ प्रति लिटर. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) इनलेटचा नमुना पातळ करूनच घ्या. तापवताना ट्यूब पूर्ण हिरवी झाली तर डायक्रोमेट संपले, ते वाचन बाद. तपासणीसाठी लिटरला 212.5 मिग्रॅ पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, त्याचा सीओडी 250 यायला हवा. नमुना पुन्हा चालवावा लागला की वाचवलेले सगळे दुप्पट खर्च होते.

पारा आणखी कमी करता येतो का? तो घालतात नमुन्यातले क्लोराइड बांधून ठेवायला, नाहीतर तेही डायक्रोमेट खाते. 1 मिग्रॅ क्लोराइड जास्तीत जास्त 0.226 मिग्रॅ ऑक्सिजनइतकी चूक करते. इनलेटचा सीओडी 3000 आणि क्लोराइड 100 असेल तर चूक एका टक्क्याच्या आत. तेव्हा रोजच्या अंतर्गत नियंत्रणासाठी पारा नसलेले वेगळे डायजेशन द्रावण ठेवा, पण आधी तेच नमुने दोन्ही पद्धतींनी चालवून ताडून घ्या. आउटलेटला मात्र हे चालणार नाही: सीओडी 200 असेल तर तेवढीच चूक दहा टक्क्यांच्या वर जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा आकडा मान्य पद्धतीनेच काढा.

उरलेला द्रव सिंकमध्ये नको, ईटीपीतही नको. पारा तिथे नष्ट होत नाही, गाळात बसतो. झाकणाच्या एचडीपीई कॅनमध्ये साठवा, वर पारा, क्रोमियम, चांदी, आम्ल ही नावे आणि तारीख लिहा, आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे पावतीसह द्या. पारा नसलेल्या ट्यूबचा कॅन वेगळा ठेवा.